साक्षीदाराला आरोपीच्याच पिंजऱ्यात उभे राहावे लागते का?

आपल्याला साक्षीचे समन्स आले आहे आणि 'आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतील का' ही धास्ती आपण प्रश्नात बोलून दाखवली आहे. तसे होत नाही. आपल्याकडच्या फौजदारी न्यायालयांत सहसा दोन पिंजरे असतात. आरोपीचा पिंजरा मागे किंवा भिंतीलगत असतो. साक्षीदाराचा मात्र न्यायाधीशांच्या आसनाजवळ, एका बाजूला असतो. त्याला पिंजरा म्हणत असले, तरी तो कमरेएवढ्या उंचीचा लाकडी कठडाच असतो.

जागा जवळची असण्याला कारण आहे. साक्षीदार काय सांगतो याइतकेच तो कसे सांगतो हेही न्यायाधीशांना पाहायचे असते, आणि त्याच्या वर्तनाबद्दल महत्त्वाचे काही जाणवल्यास शेरा नोंदवण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, तशीच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

आपल्या नावाचा पुकारा होईपर्यंत बाहेरच थांबावे, कारण इतर साक्षीदारांची साक्ष आपल्या कानावर पडणे योग्य नव्हे. पिंजऱ्यात गेल्यावर शपथ दिली जाते. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार देवाची शपथ घ्यावी किंवा नुसती प्रतिज्ञा करावी. धर्मग्रंथावर हात ठेवण्याचे दृश्य चित्रपटांनीच रुजवले आहे. त्यानंतर सरतपास (साक्षीला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न) आणि मग उलटतपास (विरुद्ध बाजूच्या वकिलाचे प्रश्न) होतो. मी वकिली करतो, आणि नवखा साक्षीदार हमखास एक चूक करताना पाहतो: प्रश्न विचारणाऱ्या वकिलाकडे पूर्ण वळून तो भराभर उत्तर देतो, मग न्यायाधीशांना 'इकडे पाहून, सावकाश सांगा' असे म्हणावे लागते. आपले उत्तर तिथेच टंकलिखित होत असते, म्हणून कळफलकाचा आवाज थांबेपर्यंत पुढचे वाक्य सुरू करू नये.

वय किंवा आजारपणामुळे उभे राहणे जड जात असेल, तर न्यायाधीशांकडे खुर्चीची विनंती करावी; ती सहसा नाकारली जात नाही. पिंजऱ्यात न येताही साक्ष होऊ शकते, कारण व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे दिलेली साक्ष सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ग्राह्य ठरवली आहे, आणि लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले बालक साक्ष देताना आरोपीच्या समोर येऊ नये, अशी व्यवस्था करणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. उलट, आरोपीने लेखी विनंती करून स्वतः साक्ष द्यायची ठरवली, तर तोच आपला पिंजरा सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो.

साक्ष संपताच लगबगीने खाली उतरू नका. नोंदवलेला मजकूर आपल्याला वाचून दाखवला जातो; त्यात चूक आढळल्यास तिथेच सांगावी आणि मगच सही करावी.