जलपर्णीची मुळं तपासून घ्या

प्रश्न : नमस्कार. आमचं गाव यावल तालुक्यात. गावच्या तलावात दोन-तीन वर्षांपासून जलपर्णी एवढी माजलीय की पाणी दिसत नाही, काठाला पाणकणीस. गावाचं सांडपाणी त्यातच येतं, केळीच्या बागांतलं पाणीही येतं, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडतात. सासरे म्हणतात जलपर्णी विष ओढून घेते, राहू द्या. मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो जलपर्णी आली म्हणजेच पाण्यात जड धातू आहेत. कोणाचं खरं? आणि काठावरची नाळीची भाजी आम्ही खातो, ती चालेल का?
(एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, आधी भाजीचं सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. बॅटऱ्या फोडण्याचं पाणी तलावात येत असेल तर तपासणी होईपर्यंत तिथली नाळीची भाजी घरात आणू नका, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका. बॅटरीतून शिसं येतं आणि ते मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. भाजी उकळून पाणी फेकलं की झालं असं बरेच जण समजतात पण पानाच्या आत गेलेला धातू उकळून नष्ट होत नाही. पिण्याचं पाणी उकळून तर उलटंच होतं, वाफ उडते आणि धातू मागे राहतो.

आता मुलाचं म्हणणं. जलपर्णी माजते ती मुख्यतः नत्र आणि स्फुरदामुळे, म्हणजे सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत. त्यामुळे नुसती जलपर्णी दिसली म्हणून शिसं आहे असं म्हणता येत नाही, आणि ती हिरवीगार आहे म्हणून पाणी चांगलं असंही नाही, कारण बराच धातू अंगात साठवूनही ती टवटवीत दिसते. पानं पिवळी पडली तर त्याला लोहाची कमतरता, थंडी, रोग अशी दहा कारणं असतात. डोळ्यांनी बघून यातलं काही कळत नाही, झाडाच्या आत काय साठलंय ते मोजावं लागतं.

आणि इथेच या झाडांचा खरा उपयोग आहे. पाण्याची बाटली भरून लॅबला दिली तर फक्त त्या दिवसाचं, त्या तासाचं पाणी कळतं, आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर सगळं पातळ होऊन रिपोर्ट छान येतो. झाड मात्र कितीतरी आठवडे तिथेच उभं असतं आणि थोडं थोडं गोळा करत राहतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, एवढं बारीक प्रमाण पकडणं अवघड, पण तेच शिसं मुळांत शेकडो पट साठलेलं सापडू शकतं. जलपर्णी तरंगते म्हणून ती पाण्यातलं सांगते, पाणकणीस गाळात रुजलेलं असतं म्हणून ते गाळातलं सांगतं, तुमच्याकडे दोन्ही आहेत हे चांगलंच झालं.

नमुना असा घ्या. एक जागा नाल्याच्या तोंडाशी, एक तलावाच्या मध्यावर, आणि एक जवळच्याच दुसऱ्या तलावातली जिथे सांडपाणी जात नाही, ही तिसरी जागा विसरू नका, तिच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सगळीकडे एकाच जातीची, साधारण एकाच वयाची रोपं, एकाच दिवशी. गाळ पूर्ण जाईपर्यंत धुवा, पाणकणसाच्या मुळांवर तांबूस थर असतो तो लोहाचा, त्याला बाकीचे धातूही चिकटतात म्हणून तिथे जास्त वेळ द्या. मुळं वेगळी, पानं वेगळी, सावलीत वाळवून कागदी पिशवीत, वर जागा आणि तारीख. शिसं आणि कॅडमियम (हाही विषारी जड धातू) मुळांतच जास्त अडकून राहतं, म्हणून नुसती पानं दिली तर कमी आकडा येऊन आपण निश्चिंत होतो. लॅबला सांगा शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं आणि जस्त बघा. तांबं-जस्त यासाठी की केळीच्या करप्यावर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारतात त्यात जस्त असतं आणि मोरचुदात तांबं, म्हणजे तांबं-जस्तच वाढलेलं दिसलं तर बागांकडे बघायचं, शिसं वाढलेलं दिसलं तर बॅटऱ्यांकडे. नमुना उन्हाळ्यात पाणी आटल्यावर एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घेतलात तर उत्तम.

सासऱ्यांचं म्हणणंही अर्धं खरं आहे. ती ओढून घेते, पण मेली आणि कुजली की धातू परत गाळात. म्हणून बाहेर काढायलाच हवी, आणि काढून काठावर ढीग घालू नका, पहिल्या पावसात सगळं परत तलावात जातं. म्हशींना खायला घालू नका. कंपोस्ट करायचा विचार असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबा, कारण कुजताना झाडाचं वजन घटतं आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे किलोमागे प्रमाण वाढतं. शहरी कंपोस्टसाठी सरकारी मर्यादा शिशाला किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमला ५ मिलिग्रॅम आहे, तयार खत त्याच्या वर गेलं तर शेतात टाकू नका.

रिपोर्ट वाचताना एक लक्षात ठेवा, लॅब आकडा कोरड्या वजनावर देते आणि ताज्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. भाजीची मर्यादा ताज्या वजनावर असते, ते दोन आकडे सरळ शेजारी ठेवून घाबरू नका किंवा खुशही होऊ नका. रिपोर्ट आला की तो आणि तिन्ही जागांचे फोटो आमच्याकडे पाठवा, आपण बसून वाचू, आणि त्याच कागदावर ग्रामसभेत बॅटऱ्यांचा विषय काढा.