स्फेरॉइडच्या मध्यभागी अंधार दिसला म्हणून साईझ बदलायला घेऊ नका

निपाणीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात एम.फार्मचं प्रोजेक्ट चालू आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींचे स्फेरॉइड (पेशींचे छोटे गोळे) वाढवलेत, त्यांना कुमारिन-६ हा हिरवा चमकणारा रंग भरलेले पीएलजीए या पॉलिमरचे नॅनोपार्टिकल (औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण) दिले. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली फक्त कडेची रिंग हिरवी दिसते, मध्ये सगळा अंधार. गाईड म्हणतात पार्टिकल आत शिरत नाहीत, साईझ कमी करा. करावी का?

ताई, इतक्यात नको. आधी हे बघा, की पार्टिकल आत गेले नाहीत की उजेड आत गेला नाही. अख्खा स्फेरॉइड तसाच मायक्रोस्कोपखाली ठेवला तर साधारण १०० मायक्रॉनच्या पुढे उजेड इतका विखुरतो की तिथला रंग असूनही दिसत नाही. तुमचा गोळा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे खसखशीच्या बारीक दाण्याएवढा. त्याचा मध्य २५० मायक्रॉनवर. तिथं अंधार दिसणारच, पार्टिकल असोत वा नसोत.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे काप घेणं. स्फेरॉइड फिक्स करा, साखरेच्या द्रावणात मुरू द्या, ओसीटीमध्ये (गोठवताना आधार देणाऱ्या जेलमध्ये) गोठवा आणि क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या नमुन्याचे काप काढणाऱ्या यंत्रावर) १० ते २० मायक्रॉनचे काप काढा. कडेचे काप सोडून जिथं व्यास सर्वांत मोठा भरतो तोच काप मोजायचा. पॅराफिनच्या, म्हणजे मेणात बसवून कापायच्या वाटेला जाऊ नका. त्यात अल्कोहोल आणि झायलिन लागतं, कुमारिन त्यात विरघळून निघून जातो आणि तुमच्या हातात कोरा काप येतो. क्रायोस्टॅट फार्मसी कॉलेजात सहसा नसतो, पण जिथं ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन करतात अशा मोठ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत असतो. गाईडच्या सहीचं पत्र घेऊन जा आणि दुपारी काम कमी असेल तेव्हा विचारा. गोळा उचलताना २०० मायक्रोलिटरच्या टिपचं टोक कात्रीने तिरकं कापून घ्या, नाहीतर तोंडाशीच तो चिरडतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. कुमारिन-६ पार्टिकलच्या आत नुसता भरलेला असतो, बांधलेला नसतो. पेशीच्या आवरणाला पार्टिकल टेकला की रंग एकटाच त्या चरबीत उतरतो आणि पेशीतून पेशीत पुढं सरकत राहतो. म्हणजे उद्या कापात मध्यापर्यंत हिरवं दिसलं तरी पार्टिकल तिथवर पोचले असं लिहिता येणार नाही. उजेडामुळं आकडा खोटाच कमी येतो, सुट्या रंगामुळं खोटाच जास्त. दोन्ही चुका एकाच फोटोत असल्या तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून पॉलिमरलाच रासायनिक बंधानं जोडलेला रंग वापरा. ते जमणार नसेल तर निदान तेवढेच तास पार्टिकल मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) ठेवा, ते वेगळे काढा आणि उरलेला मीडिया दुसऱ्या स्फेरॉइडला द्या. तोही हिरवा झाला तर रंग सुटतोय हे कळलं. अर्थात हा निम्माच पुरावा. टेकल्यावर उतरणारा रंग यात सापडत नाही.

एवढं करूनही कड हिरवी आणि मध्य कोरा आला, तर मग साईझकडे वळा. साईझला महत्त्व आहेच. २०११ साली जपानी संशोधकांनी ३०, ५०, ७० आणि १०० नॅनोमीटरचे मायसेल (औषध वाहणारे पॉलिमरचे कण) उंदरांत तपासले. सैल, भरपूर रक्तवाहिन्यांच्या गाठीत चारही शिरले, स्वादुपिंडाच्या घट्ट गाठीत फक्त ३० वाले. पण साईझ घटवली की आत मावणारं औषध घटतं आणि ते सुटण्याचा वेगही बदलतो, हे सरांशी बोलून घ्या. आणि पार्टिकलशिवाय दिलेलं डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषधसुद्धा कुठं सहज आत जातं? गाठीत रक्तवाहिनीपासून ४०-५० मायक्रॉनवर ते निम्म्यावर येतं, कारण वाटेतल्या पेशीच ते धरून ठेवतात.

आता माझ्या मनातली गोष्ट. निपाणीत तंबाखू आहे, आपल्या सीमाभागात गुटखा-सुपारी खाणारे घरोघरी आहेत. सुपारीनं तोंडाचं अस्तर कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंनी आवळत जातं, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढं काहींना त्यातच कॅन्सर होतो. तुमच्या स्फेरॉइडमध्ये मात्र फक्त कॅन्सरच्या पेशी आहेत, ना फायब्रोब्लास्ट (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी), ना तसं कोलॅजेन. ही गाठ आपल्या पेशंटच्या गाठीपेक्षा कितीतरी सैल आहे. निम्म्या प्लेटमध्ये फायब्रोब्लास्ट मिसळून स्फेरॉइड करा, जमल्यास कोलॅजेन जेलमध्ये बसवा. दोन्हींतला फरक हाच तुमच्या थिसिसचा खरा निकाल ठरू शकतो, आणि तो आपल्या भागातल्या माणसांच्या कामाचा आहे. २०२३ मध्ये आपल्या देशाच्या औषध नियमांत प्राण्यांऐवजी अशा पेशींच्या मॉडेलवरच्या चाचण्यांनाही जागा दिली आहे, त्यामुळं ही तपासणी आता नुसती कॉलेजपुरती नाही.

रक्तप्रवाह यात नाही, तेव्हा औषध गाठीपर्यंत पोचतं की नाही यावर एक ओळही लिहू नका. पार्टिकल देताना मीडियात सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) ठेवा, कारण रक्तातली प्रथिनं चिकटली की पार्टिकलचं वागणं बदलतं. मधल्या कापाचा फोटो निघाला की स्केल बारसकट इथं टाका. गोळ्याचा व्यास, पार्टिकलची मीडियात मोजलेली साईझ आणि किती तास ठेवले तेही लिहा, मग पुढचं बघू.