पाण्याखालचा ३६० अंशी कॅमेरा: तुमचे प्रश्न

पावसाळा सरला की तारकर्ली-मालवणचं डायव्हिंग सुरू होतं आणि माझ्याकडे हे प्रश्न येऊ लागतात. त्यातले चार इथे घेतो.

माझा इन्स्टा३६० एक्स४ १० मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे. फक्त स्नॉर्केलिंग करणार आहे. मग डाइव्ह केसवर, म्हणजे कॅमेरा घालायच्या पाणबंद डब्यावर, पैसे कशाला घालू? (पुणे)

कॅमेऱ्यात पाणी शिरणार नाही, एवढीच ती हमी आहे. चित्र नीट येण्याची नाही. दोन भिंगं पाठीला पाठ लावून असतात आणि हवेत प्रत्येकाला १८० अंशांहून थोडं जास्तच दिसतं. कडेचा तो जादा भाग एकमेकांवर बसवून चित्र शिवलं जातं. पाण्यात भिंगाच्या बाहेरच्या काचेवर किरण हवेतल्याइतके वाकत नाहीत, म्हणून प्रत्येक भिंगाची नजर आकसते आणि शिवणीपाशी फट पडते. माझ्या एका जुन्या क्लिपमध्ये शेजारून पोहणाऱ्या मित्राचा दंड दिसतो, पंजा दिसतो, मधलं कोपर गायब!

डाइव्ह केसला दोन्ही बाजूंनी घुमट असतात. भिंग घुमटाच्या केंद्राशी आलं की किरण काचेला काटकोनात भिडतात आणि न वाकता आत येतात. घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये डाइव्ह केसचा पर्याय निवडायला मात्र विसरू नका, नाहीतर शिवण चुकतेच. आणि केस असली तरी माणूस किंवा मासा भिंगासमोर ठेवा, कॅमेऱ्याच्या अरुंद कडेसमोर नको. उथळ पाण्यात, घाईच्या सहलीत केस नसेल तर कॅमेरा जरूर न्या, पण व्हिडिओ एकाच भिंगाने घ्या.

केसच्या आत वाफ धरते. सिलिका जेल टाकूनही तेच. (रत्नागिरी)

केस कुठे बंद करता? होडीवर करत असाल तर किनाऱ्यावरची दमट हवा तुम्हीच आत कोंडता. कॅमेरा चालू असला की तापतो, बाहेरून पाणी गार, मग घुमटाच्या आतून दव धरणारच. आदल्या रात्री एसीच्या कोरड्या खोलीत ताजी पुडी टाकून केस बंद करा आणि डाइव्ह होईपर्यंत उघडू नका. होडीवर ती उन्हात नको, ओल्या टॉवेलखाली ठेवा.

बंद करण्याआधी रबरी रिंग बोटाने फिरवून, उजेडात धरून बघा. टॉवेलच्या एका धाग्यापायी माझी केस ठिबकली होती. तो धागा रिंगेवर आडवा पडला होता, पापणीच्या केसाएवढा. तेव्हापासून रिंग पुसायला मी टॉवेल वापरत नाही.

५.७के असूनही व्हिडिओ मोबाइलवर धूसर का दिसतो? (ठाणे)

५.७के म्हणजे रुंदीला ५,७६० पिक्सेल, पण ते अख्ख्या गोलावर पसरलेले असतात. त्यातला ९० अंशांचा तुकडा काढलात की रुंदीला १,४४० उरतात, म्हणजे फुल एचडीच्या १,९२० पेक्षाही कमी. ८के असेल तर बरोबर १,९२० मिळतात. त्यामुळे कापून साधा व्हिडिओ करायचा असेल तर ८केच लावा.

त्यात आपल्या किनाऱ्याचं पाणी. मालवणला बरेचदा काही मीटरपलीकडचं दिसत नाही आणि झूम करून गढूळपणा जात नाही. जवळ जा, अगदी हातभर अंतरावर. अंदमानात लांबून घेतलेला प्रवाळ चालून जातो, मालवणात नाही. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच विरतो. तो अ‍ॅपमध्ये थोडाफार परत आणता येतो, पण उथळ पाण्यात, माथ्यावर ऊन असताना घेतलेल्या व्हिडिओतच. दुपारी १२ च्या आसपास दोन्ही भिंगांना सारखा उजेड मिळतो, हा आणखी एक फायदा. तिरप्या उन्हात एक बाजू उजळ, दुसरी काळवंडलेली येते आणि शिवण पुन्हा डोळ्यांत भरते.

पाण्याखाली मोबाइलवर चित्र बघता येईल का? (पणजी)

नाही. वाय-फायच्या लहरी पाण्यात जवळजवळ लगेच विझतात. सगळं होडीवरच ठरवून घ्या, रेकॉर्डिंगही तिथेच सुरू करून उतरा. आतल्या हवेमुळे केस वर ओढते, तेव्हा कॅमेरा धरायच्या काठीला वजन बांधा आणि दोरी मनगटात अडकवा. वर आल्यावर केस बंद असतानाच गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि बटणं आतल्या आत दाबत राहा. खार तिथेच धरतो.