ओल, पागोळ्या आणि चुना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डिचोलीतलं आमचं घर जुनं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं आहे. काही वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून प्लास्टिक पेंट लावला. आता दर पावसाळ्यात जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे निघतात, पांढरा खार येतो. कंत्राटदार म्हणतो, केमिकल मारून वर टाइल्स लावा. लावू का?

उत्तर: नका लावू. टाइल्सनी ओल झाकली जाईल, थांबणार नाही. ती टाइल्सच्या वरच्या कडेला येऊन पुन्हा पोपडे काढील, फक्त आणखी दोन फूट वर. चिरा पाणी शोषतो आणि वारं लागलं की सोडतो. सिमेंट आणि प्लास्टिक पेंटने ही सोडायची वाटच बंद केली आहे. पाणी रंगामागे अडकतं, त्यातले क्षार तिथे स्फटिक होऊन फुगतात आणि गिलावा ढकलून देतात.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पोपड्यांची वरची रेघ साधारण सरळ असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. एकाच जागी डाग असेल तर कौल फुटलंय किंवा पाइप गळतोय. पण बऱ्याच घरांत खरं कारण बाहेर, पागोळ्यांखाली असतं. अंगण भिंतीपर्यंत काँक्रीट केलेलं असलं की पागोळ्यांचं पाणी त्यावर आपटून थेट भिंतीवर उडतं. भिंतीलगतचं दोन फूट रुंदीचं काँक्रीट फोडून तिथे खडी भरा, पन्हळ लावा आणि अंगणाचा उतार घरापासून दूर ठेवा: मीटरला २ सेंटिमीटर पुरे. एवढ्यानेच एका पावसाळ्यात फरक दिसतो.

गिलाव्याचं काम डिसेंबरात काढा. ओलीच्या रेघेच्या वर दीड फुटापर्यंत सिमेंट उतरवा. खार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा चिऱ्यात शिरेल. भिंत उन्हा-वाऱ्यात निदान महिना-दीड महिना उघडी राहू द्या. दीड फुटी भिंत तेवढ्यात पुरती सुकत नाही, पण उरलेली ओल चुन्यातून निघून जाते.

आता चुना. पिशवीतला घेतलात तर ताजा घ्या आणि निदान एक दिवस पाण्यात भिजवा. खूप दिवस पडून राहिलेली पिशवी हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच ओढून बसलेली असते, तिचा गिलावा धरत नाही. पहिल्या थराला १ भाग चुना, २ भाग धुतलेली नदीची वाळू आणि १ भाग विटांची बारीक भुकटी, म्हणजे सुरखी. वरच्या थराला १ भाग चुना, ३ भाग वाळू. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं. भिंत आधी शिंपडून ओलसर करा. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, दोन थरांत आठवडाभर थांबा आणि रोज दोनदा पाणी फवारा. चुना हवेतून धरतो, पण त्यासाठी ओलावा लागतो. भर उन्हात फटकन वाळला तर बोटाने घासला तरी पीठ निघतं. हातमोजे आणि चष्मा घालाच, चुना डोळ्यांना फार वाईट. गवंडी "मजबुतीला" मूठभर सिमेंट टाकू पाहील. त्याला ठामपणे नाही म्हणा. वरून चुन्याचे चार-पाच पातळ हात द्या, पेंट नको.

आणखी एक: गिलावा काढलाच आहे तर चिरा उघडाच ठेवू, छान दिसतो, असा सल्ला हल्ली फार मिळतो. बाहेरच्या बाजूला तो ऐकू नका. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकाचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून तिथला चिरा पावसाने झिजतो आहे.

प्रश्न: पेडण्यात १०० चौरस मीटरचं कौलारू छप्पर आहे. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. २०० लिटरच्या पिंपात वाळू-खडी भरून पावसाचं पाणी विहिरीत सोडलं तर चालेल का?

उत्तर: गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे तुमच्या छपरावर ३ लाख लिटर, त्यातलं दोन-सव्वादोन लाख तरी हाती लागावं. अडचण वेळेची आहे. जुलैत विहीर तशीही भरलेली असते. वरून ओतलेलं पाणी चिऱ्यातून उताराला निघून जातं, मेपर्यंत थांबत नाही. शिवाय तासाला ५० मिलिमीटरची सर आली की छपरावरून ५००० लिटर येतात. पिंपातली वाळू तेवढं झिरपवू शकत नाही, वरून वाहून जातं. कौलांवरचं शेवाळ आणि पानं बसून ती वाळू लवकरच तुंबतेही.

त्यापेक्षा पावसाच्या अखेरच्या सरींचं पाणी ५००० लिटरच्या बंद टाकीत साठवा. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ४० लिटर धरले तर ते चार महिने पुरतं. एप्रिलात नळ उघडलात तर पाऊस येईपर्यंत निर्धास्त. जूनच्या पहिल्या सरी पूर्ण सोडून द्या. त्यानंतरही उघडीप झाली की पुढच्या सरीचे पहिले २०० लिटर बाजूला काढा. टाकीत उजेड शिरू नये, ओव्हरफ्लोला डासांची बारीक जाळी हवी. पाणी उकळूनच प्या.

उरलेलं पाणी उताराच्या वरच्या अंगाला, घराच्या पायापासून निदान ५ मीटरवर दीड मीटर खोल खड्डा खणून, त्यात दगड-खडी भरून मुरवा. विहिरीत थेट सोडू नका. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटरच्या आत असेल तर आधी तो हलवा. चिऱ्याच्या भेगांतून घाण झपाट्याने पोचते.

प्रश्न: फोंड्यात फ्लॅट आहे. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते.

उत्तर: बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट ५ सेंटिमीटर पुढे ओढा, मागे हवा खेळली पाहिजे. कपडे घरात वाळत घालणं टाळा. टाळता येत नसेल तर एकाच खोलीत घाला, दार बंद ठेवा आणि पंखा व एक्झॉस्ट दोन्ही चालू ठेवा. एक्झॉस्टला दुसरीकडून हवा आत यायला फट हवी, नाहीतर तो नुसता फिरतो. एसी चालू असताना खिडकी उघडू नका: बाहेरची दमट हवा गार भिंतीवर पाणी सोडते.