पंचवीस अंश म्हणजे पंचवीसच

यीस्टच्या तापमान-संवेदी म्युटंटबद्दल (प्रयोगशाळेच्या भाषेत 'टी-एस'), म्हणजे जनुकातल्या बदलामुळे २५ अंशांना वाढणाऱ्या पण ३७ ला न वाढणाऱ्या यीस्टबद्दल, त्यातही अमिनो शर्करा बनवणाऱ्या जनुकांच्या म्युटंटबद्दल, दर उन्हाळ्यात त्याच शंका येतात. या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

बेकरीच्या यीस्टला अमिनो शर्करा लागतेच कशाला? ती तर साखर खाऊन जगते. (एम.एस्सी., प्रथम वर्ष)

खाण्यासाठी नाही, बांधकामासाठी. फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आणि ग्लुटामिन यांच्यापासून ग्लुकोसामाइन-६-फॉस्फेट बनतं. ते काम जीएफए१ या जनुकाचं एन्झाइम करतं. पुढे जीएनए१, पीसीएम१ आणि क्यूआरआय१ अशा तीन पायऱ्या चढून यूडीपी-एन-असिटिलग्लुकोसामाइन तयार होतं. त्यातून कायटिन हा पेशीभित्तीतला चिवट पदार्थ होतो, प्रथिनांवरच्या शर्करासाखळ्यांची सुरुवातही त्यातूनच होते. पेशीभित्तीत कायटिन जेमतेम एक-दोन टक्के, पण ते मोक्याच्या जागी असतं. कॅल्कोफ्लोर या चमकत्या रंगाने रंगवून बघा, कळी (नवी पेशी) तुटल्याच्या प्रत्येक जागी निळी चकाकती कडी दिसेल.

मग जनुक सरळ काढूनच का टाकत नाहीत?

जीएफए१ काढलं, तर बाहेरून ग्लुकोसामाइन देऊन पेशी जगवता येते. पुढच्या तीन पायऱ्यांना तशी सोय नाही, पेशी मरते. मेलेल्या पेशीवर प्रयोग काय करणार? म्हणून २५ अंशांना तगणारं आणि ३७ ला कोलमडणारं प्रथिन हवं. अमेरिकी शास्त्रज्ञ लीलंड हार्टवेल यांनी १९६०च्या दशकात यीस्टमध्ये असेच म्युटंट गोळा केले. त्या वाटेवरच्या कामाला २००१चं नोबेल मिळालं.

३७ ऐवजी ३५ अंश चालतील का?

शेजारी मूळ, निरोगी स्ट्रेन लावा आणि स्वतःच बघा. प्रत्येक म्युटंटचा काटा वेगळा.

सीनियरच्या सल्ल्याने जीएफए१च्या म्युटंटला एन-असिटिलग्लुकोसामाइन दिलं, ३७ ला वाढ शून्य. सीनियर म्हणतात, रसायन बनावट असेल.

रसायन बरोबर असेल, सल्ला चुकीचा आहे. सॅकरोमायसीस, म्हणजे आपली बेकरीची यीस्ट, एन-असिटिलग्लुकोसामाइन वापरू शकत नाही; ते आत घ्यायची आणि त्याला फॉस्फेट लावायची यंत्रणाच तिच्याकडे नाही. कॅन्डिडा या दुसऱ्या यीस्टकडे आहे, आणि सीनियरनी बहुधा कॅन्डिडाचा पेपर वाचला असावा. तुम्ही साधं ग्लुकोसामाइन द्या, आणि भरपूर द्या, कारण ते ग्लुकोजच्याच दारातून आत येतं आणि हेक्सोकायनेजसाठी (शर्करेला फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमसाठी) ग्लुकोजशीच झटापट करतं. (याच हेक्सोकायनेजांच्या जनुकांवर १९७७ मध्ये आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर), पी. के. मैत्रा आणि झिटा लोबो यांनी काम केलं. आपल्याकडे हे शिकवत नाहीत.) ग्लुकोसामाइन ऑटोक्लेव्ह करू नका (गरम वाफेने निर्जंतुक करू नका), जंतू अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळून घाला. मात्रा गाइडना विचारून ठरवा.

विदर्भातल्या आमच्या कॉलेजात टी-एस म्युटंटचा स्लँट (तिरक्या अगारावर वाढवलेल्या यीस्टची नळी) दुसऱ्या कॉलेजातून आणला. आता तो ३७ ला झकास वाढतो. म्युटंट 'बरा' झाला का?

बरा नाही झाला, बदलला. आणि तो बदल तुम्हीच निवडून काढलात.

स्लँट कधी आणला? मे महिन्यात, एसटीतून, पिशवीत. नंतर आठवडाभर टेबलावर, कारण बीओडी इन्क्युबेटर (थंड करून तापमान स्थिर ठेवणारं कपाट) दुसऱ्याच्या प्रॅक्टिकलला दिलेला. खोलीत पारा ३७-३८ वर. हीच तर म्युटंटची मारक पायरी! दाट कल्चरच्या एका मिलिलिटरात दहा कोटींच्या आसपास पेशी असतात. त्यातल्या एखादीचा दोष योगायोगाने उलटतो किंवा दुसऱ्या जनुकातल्या बदलाने झाकला जातो. बाकीच्या अडकून पडतात, ती एकटी वाढत सुटते. पुढच्या स्लँटवर तिचीच प्रजा.

बीओडीवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. माझ्याकडे एकदा बाहेर २५ लिहिलेलं होतं आणि आत ३१ होते. रात्री वीज गेली होती, परत आल्यावर कॉम्प्रेसर चालूच झाला नव्हता. तीन आठवड्यांचं काम ओतून दिलं.

म्युटंट हातात पडला की त्याच दिवशी एकेकटी कॉलनी वेगळी करा, दोन्ही तापमानांना तपासा, ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा. प्रयोग दरवेळी तिथून सुरू करा. स्लँटवरून स्लँट, हातून हात, ही कुळकथा बंद करा. तुमचा स्लँट वाया गेला असं धरा. मूळ प्रयोगशाळेला पत्र लिहून गोठवलेला साठा मागा.

एका विक्रेत्याने 'खात्रीचा टी-एस यीस्ट' दिला, जीनोटाइपचा (कुठलं जनुक बदललंय याचा) कागद नाही.

पैसे परत मागा. ३७ ला न वाढणारं यीस्ट शेकडो कारणांनी मिळतं. कुठलं जनुक बिघडलंय हे त्या जनुकाची चांगली प्रत असलेलं प्लाझ्मिड (डीएनएची छोटी कडी) घालून दोष भरून निघतो का, यावरून ठरतं, लेबलवरून नाही.

गुडघेदुखीसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घेऊ का? जाहिरातीत कूर्चा परत येते म्हणतात. (एक काकू, डोंबिवली)

काकू, मी यीस्टचा माणूस. जाहिरातीतली कूर्चा जाहिरातीतच राहू द्या. यातलं बरंचसं ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात, त्यामुळे त्यांची ॲलर्जी असेल तर सांभाळून. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

प्लेट्स चार महिने फ्रिजमध्ये आहेत. सबमिशन पुढच्या महिन्यात. त्यांचे निकाल वापरू का?

नाही. गाइडना आजच भेटा.