चिकन नळाखाली स्वच्छ धुतलं की कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू निघून जातो का? आणि नवीन आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लापासूनही त्याची लागण होते का?

धुतल्याने जात नाही. उलट धारेचे शिंतोडे उडतात आणि त्यांच्याबरोबर तो ओट्यावर, शेजारी पालथ्या घातलेल्या भांड्यांवर पसरतो.

मी जनावरांचा डॉक्टर, पुण्यात धायरीच्या बाजूला दवाखाना आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला आणि लोकांनी चिकनच बंद केलं. खरा संशय होता पाण्यावर, पण बदनाम झाली कोंबडी!

अर्थात कोंबडी अगदी निर्दोष नाही. पक्ष्याचं अंग ४१-४२ अंश गरम, या जंतूला तेच मानवतं. तो आतड्यात असूनही कोंबडी ठणठणीत दिसते, त्यामुळे ‘समोर कापून घेतली’ याने काही सिद्ध होत नाही. बाहेर ३० अंशांखाली तो वाढत नाही, पण फ्रीजमध्ये तग धरतो, आणि आजारी पडायला पाचेकशे जंतूही पुरतात.

रस्सा रटरटला की तो मेलाच. घोळ होतो विळीवर. चिकन कापायचं, विळी नुसती पाण्याखाली धरायची आणि तिच्यावरच कोशिंबिरीचा कांदा चिरायचा. तो कांदा कुठे शिजणार आहे? विळी साबणाने घासा, नाहीतर कांदा आधी चिरून घ्या. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यात, हलक्या हाताने धुवा आणि नंतर सिंक घासा. (आमच्या आईला हे पटवायला मी जात नाही.)

लागण झाली तर साधारण दोन ते पाच दिवसांत ताप, मुरडा, जुलाब, कधी रक्त. बहुतेक जण आठवडाभरात ओआरएसवर बरे होतात. मेडिकलमधून परस्पर सिप्रोची अँटिबायोटिक गोळी आणू नका, या जंतूवर ती आता बऱ्याचदा लागूच पडत नाही. रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल किंवा घरात लहान मूल, गर्भवती असेल तर डॉक्टर गाठा. जीबीएस लागण झालेल्या हजारात एखाद्याला होतो. पण जुलाबानंतर एक-दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊन जिना चढवेना झाला, तर थेट मोठं हॉस्पिटल.

पिल्लाचं म्हणाल तर हो, होते लागण. अमेरिकेत २०१६-१७ मध्ये दुकानातल्या पिल्लांमुळे शंभराहून जास्त माणसं आजारी पडली होती. सहा महिन्यांच्या आतलं, पातळ शी करणारं पिल्लू असेल तर शी उचलल्यावर साबणाने हात धुवा, मुलांना तोंड चाटू देऊ नका. आणि चिकनवाल्याकडून त्याच्यासाठी माना-पाय आणत असाल तर ते उकळूनच घाला.