चेन किती ताणावी, कोणतं ऑइल घालावं? घरी गाडी सांभाळणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : चेन खडखडत होती म्हणून मी ती घरीच ताणली. आवाज थांबला, पण आता गाडी ढकलताना जड जाते आणि वेग घेतला की घूं घूं आवाज येतो. काय चुकलं?

चेन जास्त ताणली गेली आहे. गाडी पुन्हा बाहेर काढण्याआधी ती सैल करा.

मागचं चाक खड्ड्यात वर-खाली होतं तेव्हा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, फिरतो आणि दोन्ही स्प्रॉकेटमधलं, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांमधलं, अंतर बदलतं. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की हे अंतर सर्वांत जास्त असतं. उभ्या गाडीची चेन ताठ असेल, तर तुम्ही बसल्यावर आणि खड्डा लागल्यावर तिला जायला जागाच राहत नाही. तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. चेन थोडी सैल राहिली तर आवाज करून सांगते, पण ताठ चेनचं नुकसान इंजिन उघडल्यावरच दिसतं. म्हणून मला ताठ चेनची जास्त धास्ती वाटते.

खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, चेन बोटाने वर-खाली करा आणि फूटपट्टीने मोजा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी हालचाल लागते, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. तुमच्या माहितीपुस्तिकेतला आकडा मात्र अंतिम. तो साइड स्टँडवर मोजायचा की डबल स्टँडवर, हेही तिथेच पाहा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथलं माप धरा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असा मोठा फरक असेल तर चेन संपली आहे. ती बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदला, कारण झिजलेले दात नवी चेन लवकर खातात.

आता एक्सलचा नट ढिला करून दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर (चाक मागे-पुढे सरकवणारे स्क्रू) सारखेच फिरवा, स्विंगआर्मवरच्या खुणा जुळवा, नट आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना माप बदलतं. मागे रॉडचा ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्याने ब्रेक पॅडलची मोकळी हालचालही बदललेली असते. ती नीट लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

प्रश्न : चेन पेट्रोलने धुतली तर चालेल का?

नको. आजच्या बऱ्याच चेनमध्ये पिनजवळ रबराच्या ओ-रिंग असतात आणि त्या आतलं ग्रीस धरून ठेवतात. पेट्रोलने त्या खराब होतात, शिवाय आगीचा धोका आहेच. केरोसीन किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा, कोरडं पुसा. मग चेनच्या आतल्या बाजूला एसएई ९० गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे लावा. साधारण दर ५०० किमीला आणि पावसात भिजल्यावर लगेच.

हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत करायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवणाऱ्यांची बोटं चेन आणि स्प्रॉकेटमध्ये सापडून तुटलेली आहेत. एवढी एक गोष्ट कृपया माझं ऐका.

प्रश्न : घरी कारचं ऑइल उरलं आहे. ग्रेड तोच आहे. बाइकमध्ये घालू का?

ग्रेड फक्त ऑइलचा पातळ-घट्टपणा सांगतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि त्यांनी क्लच प्लेट घसरू लागतात. इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (JASO MA, MA2), म्हणजे अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, असेल तेच घ्या. पातळीही जास्त करू नका, जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत पोचू शकतं.

प्रश्न : ड्रेन बोल्टचे आटे गेले. ऑइल गळतंय म्हणून मी आणखी आवळला होता.

गळती बहुधा वायसरमुळे असणार. तो दर वेळी नवा टाकायचा असतो. इंजिनचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादी, त्यामुळे जोर लावला की आवरणाचेच आटे जातात. चांगल्या वर्कशॉपमध्ये तिथे नव्या आट्यांची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवून मिळते. एक टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळायचं ते मोजून देणारा पाना, घ्या, घरच्या हत्यारांत मी त्याला पहिलं स्थान देईन.

स्पार्क प्लगलाही हेच लागू. इंजिन गार होऊ द्या. प्लग आधी पूर्ण बोटांनीच फिरवा, अडला तर काढून पुन्हा लावा. वायसर टेकल्यावर नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा पुरतो, जुन्याला जरासाच.

प्रश्न : एअर फिल्टर धुवायचा का?

फोमचा असेल तर धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावून पिळा. कागदाचा धुवायचा नाही, बदलायचा.

प्रश्न : ब्रेकचं काम घरी करावं का?

पॅड किती उरले ते घरीच पाहा. झिजेच्या खुणेपर्यंत आले की बदला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि लवकर उकळू लागतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारची फ्लुइड गाडीचा रंगही खातात, थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. फ्लुइड बदलताना टाकी रिकामी झाली तर पाइपमध्ये हवा शिरते आणि लिव्हर स्पंजसारखा दबतो. पहिल्यांदा हे काम जाणकाराशेजारी उभं राहून बघा, आणि एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असेल तर वर्कशॉपलाच द्या. लिव्हर स्पंजसारखा लागत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.